चेहरे शेवटी

नाही हो सबॅस्टियनभाऊ, अपुरं कसलं? पूर्ण झालंय चित्र. चेहरे नाहीत म्हणता — बरोबर आहे, नाहीत. तेच तर त्यातलं मर्म! तुम्ही आधी बसा बघू. त्या स्टुलावर नको, त्यावर मघाशी सरस सांडलाय, चिकटून बसाल आणि बू-नासिरसाहेब म्हणतील, आमचा क्लार्क ह्या निवृत्तीशेठनं फ्रेममध्ये बसवला. इकडे या, एसीसमोर. खडखडतो, पण गार करतो. बॅग ठेवा की काउंटरवर — नको? बरं, राहू द्या मांडीवर. जपायलाच हवी. माझा पासपोर्ट आहे ना तिच्यात, बाहेर जायच्या परवानगीसकट? साहेबांनी बजावलं असणार, आधी चित्र ताब्यात घे, मग पासपोर्ट दे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बजावलं असतं. चहा घेणार? सुलेमानी आहे, दूध संपलंय. वसईची माणसं बिनदुधाचा चहा पीत नाहीत म्हणे — लिंबू पिळून देतो, घ्याच. घाई मला आहे, तुम्हाला कसली? उद्या सकाळचं मुंबईचं विमान माझं आहे. परवा अंजनाची हळद, तेरवा लग्न. एकुलती एक हो. मी इकडे दोह्याला आलो तेव्हा परकर नेसून शाळेत जायची. मधल्या रजांमध्ये गेलो तर प्रत्येक वेळी वेगळीच मुलगी दार उघडायची, आणि मला ‘कोण पाहिजे’ म्हणून विचारायची. आता निदान तिच्या लग्नात तरी बाप मांडवात हवा, एवढंच म्हणणं आहे माझं. जास्त आहे का?

तर चेहरे. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो, तुम्ही फक्त जसंच्या तसं पोचवा. ही बाग बघा. हे कुंड, ही सुरूची झाडं, हा बदामाचा मोहोर, वर सगळं आभाळ सोन्याचं. चबुतऱ्यावर बसलाय तो शहजादा. समोर फाटक्या झग्यात उभा आहे तो फकीर. आता तुमच्या मनात पहिला प्रश्न येणार की पाणी असं उभं कसं, भिंतीला लावलेल्या गालिच्यासारखं? येतो सगळ्यांच्याच मनात. दुखानहून एक मडम यायची इथे, तेल कंपनीतल्या इंजिनिअरची बायको, स्वतः चित्रं काढायची — मी पहिली काही वर्षं दुखानलाच होतो ना, त्यांच्या वसाहतीत सुतारकामाला, तिथली ओळख — तर ती मडम असंच एक चित्र तासभर बघत उभी राहिली. जवळ गेली, लांब गेली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मला म्हणाली, मिस्टर निवृत्ती, पाणी वरून बघितलेलं आहे, माणसं समोरून बघितलेली आहेत, घराच्या आतली खोली दिसते आणि त्याच वेळी छपरावरची कबुतरंही दिसतात, लांबचा घोडेस्वार जवळच्या माळ्याएवढाच मोठा आहे, मग हे सगळं बघणारी मी उभी आहे तरी कुठे? मी वर माळ्यावर आमच्या कारागिराला हाक मारली, जहूर, मेमसाब पूछती है वो किधर खडी है. वरून आवाज आला, ‘बोलो, आप है ही नहीं.’ आता हे मी त्या बाईला कसं सांगू? गिऱ्हाईक हो! मी म्हटलं, मॅडम, आमचा आर्टिस्ट म्हणतो, यू आर एव्हरीव्हेअर. खूश झाली. चित्र घेऊन गेली.

हसा, हसा. पण रात्री पडल्या पडल्या मला वाटलं, दोन्ही एकच झालं की. नाही म्हणजेच सगळीकडे. जहूरनं मग मला समजावलं ते असं — तो इराणातला, इस्फहानचा, त्याचा बाप, आजा, पणजा सगळे ह्याच धंद्यात — म्हणाला, शेठ, माणूस बघतो तो एका जागेवरून बघतो, म्हणून त्याला जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं बारीक. अल्ला काय खिडकीत बसून बघतो का? त्याला लांब काय आणि जवळ काय. आम्ही त्याच्या नजरेनं काढायची हिंमत करत नाही, पण माणसाची नजर तेवढी काढून टाकतो. सावली नाही बघा ह्या चित्रात. एका तरी झाडाला आहे? इथल्या शाळेतला एक पॅलेस्टिनी मास्तर असल्याच एका चित्रावरून भांडायला लागला होता माझ्याशी, चंद्र दाखवलाय म्हणजे रात्र आहे, मग मोहोराची पाकळी न् पाकळी दिसते कशी, अंधार कुठाय? जहूर खाली उतरून आला आणि म्हणाला, ‘मास्टरजी, रात तो हमारी है, बाग की थोडी है.’ सावली पडायला उजेड एका बाजूनं यावा लागतो. इथे तो एका बाजूनं येत नाही. हे सोनं लावलंय ना, ते अकीकाच्या दगडानं घोटतात, आरशासारखं होईपर्यंत. का माहितीय? नुसतं श्रीमंती दाखवायला नाही. सोन्याला लांबी नसते, खोली नसते. निळं आभाळ काढलं की माणूस विचारतो, ते किती लांब आहे. सोन्याचं काढलं की विचारत नाही.

मला कुठून येणार हे सगळं? सातवी पास माणूस. मिरजेला दर्ग्याच्या वाटेवर आमच्या वडिलांचं तसबिरींचं दुकान. उरूस आला की मक्का-मदिनेच्या तसबिरी, गणपती आले की गणपतीच्या, एकाच खिळ्यावर आलटूनपालटून. वडील म्हणायचे, आपण काच बघायची, आत कोण आहे ते गिऱ्हाईक बघेल. मीही इतकी वर्षं काचच बघत आलो. मग हा जहूर आला. इराणच्या बूशहर बंदरातून लाँच यायच्या गालिचे घेऊन, त्यातल्या एकीवरून उतरला. अंगावर एक कोट, हातात लाकडी पेटी, पेटीत ब्रश. मांजराच्या केसांचे, पांढऱ्या मांजराच्या मानेखालचे — थट्टा नाही करत, तेच लागतात. त्यानं एवढंसं एक चित्र दाखवलं, पोस्टकार्डाएवढं. मी उलटं धरलं होतं. त्यानं सुलटं केलं. मी साहेबांकडे गेलो, म्हटलं, साहेब, ह्याला आपल्या दुकानाच्या व्हिसावर घ्या, गालिच्यांनी सूक, सगळा बाजार भरलाय, असलं काम दोह्यात कुणाकडे नाही. बू-नासिरनी घेतला. माणूस चांगला आहे हो बू-नासिर. ईदला आम्हाला दोघांना एका ताटात जेवायला बसवतात. नाव त्यांचं, दुकान मी चालवतो, वर माळ्यावर जहूर — असं चाललंय आमचं. मी जहूरला म्हणतो, तू वरचा मजला, मी खालचा, आपण दोघं मिळून एक घर. तो म्हणतो, जिन्याचं काय? शिडी आहे हो आमची, जिना नाही.

हां, चेहरे, चेहरे. तिकडेच येतोय. ह्यांच्या कामात चेहरा शेवटी करतात. झाड, पान, दगड, घोड्याचा लगाम, सगळं झाल्यावर. त्या दिवशी तो अंघोळ करतो, नमाज पढतो, कुणाशी बोलत नाही, दुपारपर्यंत नुसता बसतो. मग दोन-चार रेघा. झालं. आणि गंमत सांगू? सगळे चेहरे सारखे असतात. शहजाद्याचा घ्या, त्याच्या राणीचा घ्या, माळ्याचा घ्या, तीच लांबट भुवई, तीच एवढीशी जिवणी. मला आधी वाटायचं, ह्याला वेगळं येतच नाही. म्हणून मी एकदा त्याला माझा चेहरा काढायला लावला कोळशानं — असा काढला की नाकावरचा देवीचा व्रणसुद्धा! मग मी म्हटलं, अरे येतं की तुला, मग ह्या फकिराला शहजाद्याचं तोंड कशाला देतोस? तर म्हणाला, हा ज्याला शोधत आलाय त्याचं तोंड वेगळं असतं तर हा आला कशाला असता? … कळलं का? मला कळायला एक उन्हाळा गेला. शोधणारा आणि सापडणारा एकाच तोंडाचे. आपल्याकडे कीर्तनकार दोन तास घसा कोरडा करून जे सांगतो ते ह्यानं दोन भुवयांत सांगितलं. आता त्याही पुढची पायरी म्हणजे चेहराच नाही! दोघांनाही नाही. कोण मागणारा, कोण देणारा, खलास, भेदच मिटला. हे तुम्ही साहेबांना असंच सांगायचं. म्हणायचं, हा सगळ्यात वरचा प्रकार आहे, पूर्वीच्या बादशहांनाही सहजी मिळायचा नाही. साहेबांच्या मुलाच्या, नासिरच्या नव्या मजलिसीत, बैठकीच्या खोलीत टांगलं की येणारा प्रत्येक माणूस विचारणार, चेहरे कुठायत, आणि नासिरला रोज बोलायला विषय. यल्ला, चला, बांधून देऊ?

काय?

जहूरलाच विचारता म्हणता. विचारा की — पण आत्ता नको. वर पडलाय तो. तब्येत बरी नाही. … उभं राहिल्याचा आवाज आला? उंदीर असेल. बरं, जहूर आहे. तब्येत बरी आहे त्याची. तुम्ही नवे आहात ऑफिसात, पण डोळे तरबेज आहेत तुमचे. हिंदी नका बोलू आता, मराठीच बोला, मराठी कळत नाही त्याला. म्हणजे मला वाटतं कळत नाही.

बोलत नाहीये तो माझ्याशी. ईद झाल्यापासून नाही. खाली उतरतो, चहा करतो, माझ्यासाठी एक पेला झाकून ठेवतो — त्यात खंड नाही — आणि परत शिडी चढून वर. चित्र करत होता. पान न् पान केलं, हे कुंडातलं बदक बघा, पंखातलं पीस मोजून घ्या. आणि परवा चित्र खाली आणून काउंटरवर ठेवलं ते असं. मी म्हटलं, चेहरे? तर हात धुतले आणि वर गेला.

का म्हणजे? त्याला काय कारण लागतं, कलावंत माणूस. … तुम्ही बॅगेवर हात ठेवून असं बघू नका हो, सबॅस्टियनभाऊ. सांगतो. तुम्हाला आज ना उद्या कळणारच, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते. ते तुमच्या टेबलामागचं हिरवं कपाट. त्यात इराणी पासपोर्ट आहे ना एक? तो ह्याचा. पहिल्यापासून माझ्याकडे असायचा तो, ह्या ड्रॉवरमध्ये. सांभाळायला हो. माळ्यावर रंग, तेल, पाणी, त्यानंच दिला होता मला ठेवायला. माझा साहेबांकडे, त्याचा माझ्याकडे. आता तुम्हाला इथली रीत ठाऊक आहे, नसेल तर होईल. एक माणूस रजेवर जायचा तर दुसऱ्याचा पासपोर्ट जामीन म्हणून ऑफिसात जमा. गेलेला परत आला नाही तर मागचा अडकला. साहेब म्हणाले होते, दुकानातले तुम्ही दोघं, दोघांपैकी एक कायम इथे पाहिजे, कोण जाणार ते आपापसात ठरवा, मला दोन्ही सारखेच. आणि योग बघा, त्याला आणि मला एकाच वेळी जायचं निघालं. माझं लग्नाचं. त्याचं … त्याची बायको आहे अहवाझला. सुरय्या. इस्फहानला होती, पण बाप आजारी म्हणून माहेरी गेली आणि तिथंच इराकशी चाललेल्या लढाईत सापडली. रेडिओवर नाव येतं ना अहवाझचं अधूनमधून? तेच. त्याला तिथे जाऊन तिला काढून आणायचीय, तिला आणि म्हाताऱ्याला, इस्फहानपर्यंत. मग परत येतो म्हणतो.

मी आपापसात ठरवलं. म्हणजे — मी ठरवलं. तुम्हीच सांगा, लग्नाची तारीख हलते का? ती धरलेली असते. लढाई काय, आज आहे तशी उद्याही आहे, तो पुढच्या महिन्यात गेला असता. त्याला विचारलं असतं तर तो लगेच ‘तुम जाओ शेठ’ म्हणाला असता, तसाच आहे तो, म्हणून विचारलं नाही. नाही, असं नव्हे. नाही म्हणाला असता तर काय करायचं, म्हणून विचारलं नाही. त्याचा पासपोर्ट ड्रॉवरमधून काढला आणि बू-नासिरच्या पुढ्यात ठेवला, म्हटलं, साहेब, आमचं ठरलं. आणि वर शहाणपणा बघा माझा! सही लवकर व्हावी म्हणून मीच बोलून गेलो, जाण्याआधी नासिरच्या मजलिसीसाठी जहूरच्या हातचं एक मोठं चित्र देतो, असं चित्र की बस्स. ते म्हणाले, बहोत अच्छा, मग चित्र आलं की सही. ही अट त्यांनी घातली नाही हो, मीच घातली माझ्या गळ्यात. आयुष्यभर गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, आधी मोजा, मग कबूल करा. असो.

जहूरला कुणी सांगितलं माहीत नाही. ईदच्या दिवशी साहेबांच्या घरीच कळलं असावं. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं, मी मिरजेचा माणूस. हा नुसता चित्र करत राहिला. मला वाटलं, राग गेला. इतकं सुंदर काम रागात होतं का कुणाचं? मी रोज संध्याकाळी वर जाऊन बघायचो. तो बाजूला सरकून उजेड द्यायचा मला. ह्या बागेला भिंत काढली बघा त्यानं, ही विटांची, निळ्या फरशांची. सगळीकडून फिरून आलीय भिंत, दार कुठेच नाही. मी एकदा बोललो, स्वतःशीच बोलल्यासारखं, ह्याला दार नाही ते. तेव्हा एवढंच तो बोलला ईदनंतर. म्हणाला, ‘अंदर वाले को दरवाज़े से क्या काम?’ मला माहितीय, ही त्यांच्यातली वरची गोष्ट आहे. जो पोचला तो पोचला, त्याला परत कुठे जायचंय. पण मी खाली येऊन ह्या खुर्चीत बसलो आणि मला ते पटेना हो. कारण आत असणाऱ्यालाच तर दार लागतं! बाहेरच्याला काय करायचंय दार? संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला जातो मी, समुद्र आहे, मोकळी हवा आहे, पण मला ते पाणीही उभं दिसायला लागलंय, ह्या कुंडासारखं. भिंतीला लावलेलं.

उठलात? नाही नाही, थांबा. असं चित्र चालणार नाही म्हणता … साहेब स्वतः बघणार आहेत? आज? नासिरच्या सासऱ्यांना दाखवणार आहेत. मग त्यांना सांगा ना मी सांगितलं ते, सगळ्यात वरचा प्रकार — हो, कळतंय मला. तुम्हाला पटलं नाही तर त्यांना काय पटणार. तुम्ही म्हणता वर जाऊन जहूरशी दोन शब्द बोलू. काय बोलाल? तुम्ही त्याचा पासपोर्ट देऊ शकत नाही, मी जाऊन परत आल्याशिवाय. मी जाऊ शकत नाही, चित्र झाल्याशिवाय. तो चित्र पुरं करणार नाही, पासपोर्ट मिळाल्याशिवाय. त्यानं तसं म्हटलेलं नाही, पण चेहऱ्यांच्या जागी लिहूनच ठेवलंय की. कुठल्याही बाजूनं फिरलात तरी हीच भिंत. मी फिरून आलोय सगळीकडून.

बसा. बसा म्हणतो ना. चेहरेच पाहिजेत ना साहेबांना? देतो. हा बघा ब्रश. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून बघितलंय मी, कुठून सुरुवात करतो, किती रंग घेतो, श्वास कधी धरतो. सगळे चेहरे सारखेच तर असतात! त्यात शिकायचं काय उरलं? चूप, हळू बोला, वर ऐकू जाईल. शाई पातळ करायची … अशी. हात टेकवायचा तो बरगडीला, टेबलाला नाही. हा शहजादा आधी. गालाची रेघ, कानापासून हनुवटीपर्यंत, एका दमात … बघा! बघितलंत? आली की नाही? माणसानं मनात आणावं नुसतं. ही हनुवटी. ही जिवणी, एवढीशी, तांदळाएवढी. तुम्ही श्वास रोखलात की काय, माझा मी रोखतो, तुम्ही घ्या. भुवई. लांब, लांब, कमानीसारखी, इकडून तिकडे … अहो, फरक सांगून दाखवा! अंजनाला हळद लागेल तेव्हा मी तिथे असणार, शालू हिरवा घेतलाय म्हणे तिच्या आईनं. आता डोळे. डोळ्यांना मी घाबरत नाही. पोरवयात वडील माझ्याकडूनच भरून घ्यायचे ते, दुकानात तसबिरींचा रंग उडाला की, लक्ष्मीचे म्हणा, दत्ताचे म्हणा, बारीक बोटं पोराचीच लागतात. हा एक. आणि हा … दुसरा. झालं. एवढ्याचसाठी तो अंघोळ करून बसतो होय? बघा आता लांबून.

…

इकडे या. नाही, माझ्या जागेवर उभे राहा. तुमच्याकडे बघतोय? आता तिकडे जा, दाराकडे. तिथून? तिथूनही बघतोय. माझ्याकडेही बघतोय.

असं नसतं हो ह्यांच्यात. ह्या बागेतलं कुणी बाहेर बघत नसतं. एकमेकांकडे बघतात, नाहीतर आपल्यातच असतात, मान कलती, नजर खाली. बाहेर कुणी आहे हे त्यांना ठाऊकच नसतं, म्हणून तर ते सुखात. आमचे देव कसे, दाराशी माणूस येऊन उभा राहिला की त्याच्याकडे सरळ बघणार. बघितलं नाही तर दर्शन कसलं, आणि तसबीर घेईल कोण? हातानं तेच काढलं माझ्या. हाताला दुसरं येत नाही. तो फकीर समोर उभा आहे बिचारा, त्याच्याकडे लक्षच नाही ह्याचं. सगळी बाग सोडून माझ्याकडे — अहो पुसू नका! फडकं नका लावू, खालचं सोनं निघेल. राहू द्या. काही होत नाही आता त्याचं. खलास.

शिडी वाजली.

जहूर. आ जा. … देख. मेरे हात से हुआ.

हसतोय बघा. सबॅस्टियनभाऊ, हसतोय हो तो! ईद झाल्यापासून आज — काय म्हणाला ऐकलंत? ‘चलो, कोई तो बाहर देख रहा है.’

…

हं. नाही, मी ठीक आहे. चहा गार झाला तुमचा.

ऐका. चित्र नेऊ नका. साहेबांना सांगा, जहूरनं सगळं चोख केलं होतं, निवृत्तीनं हात घातला आणि बिघडवलं. नाव माझंच घ्या, चिडू देत माझ्यावर. आणि बॅग उघडू नका — नाही, नको, काढूच नका बाहेर, हातात घेतला तर मला सोडवणार नाही. तसाच घेऊन जा. हिरव्या कपाटात ह्याच्या जागी माझा ठेवा, आणि ह्याचा ह्याला आजच्या आज आणून द्या. साहेबांना दोघांतला एक इथे पाहिजे ना? आहे मी इथे. चित्राची अट माझ्या रजेला होती, त्याच्या रजेला नव्हती, हे त्यांना आठवण करून द्या. ते शब्दाला पक्के आहेत. मोठेपणा कसला हो ह्यात, साधा हिशेब आहे. चित्र नाही म्हणजे माझी रजा नाही, माझी रजा नाही तर त्याचा जामीन कशाला?

मुद्दाम? मुद्दाम केलं का म्हणून विचारता? मला काय माहीत. नका विचारू असलं काही. मला विमान पकडायचं होतं, एवढं मला माहितीय.

लग्न होईल. मामा आहे तिचा, तो उभा राहील माझ्या जागी. संध्याकाळी ट्रंक कॉल लावीन, लागला तर. काय सांगायचं ते बघू. मी बोलण्यात पक्का आहे … सुचेल काहीतरी.

निघा तुम्ही आता. दुपारची बांग झाली, शटर ओढायचंय. तुम्ही बाहेर व्हा फक्त, मी आतून ओढतो. यल्ला. बघत काय उभे राहिलात? जा ना हो.